वणव्याच्या दिवसांत जंगल बंद झाले, तर भटकंती मंडळांनी काय करावे

मध्य प्रदेशात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा काळ वन विभाग अग्निकाल म्हणून धरतो. इंदूरच्या दक्षिणेला माळव्याचे पठार जेथे संपते आणि विंध्याचे घाट निमाडाकडे उतरू लागतात, त्या चोरल, पातालपाणी, मानपूर, जानापावच्या पट्ट्यात सागाची ताटाएवढी पाने याच दिवसांत गळतात, ओढे आटतात आणि गवत इतके वाळते की त्यातून चालताना पायांखाली पापड मोडल्यासारखा आवाज येतो. आपल्या शहरातील मराठी मंडळांच्या सहलीही नेमक्या याच दिवसांत ठरतात, कारण रंगपंचमीच्या मागेपुढे सुट्ट्या जोडून येतात, पहाटेची हवा सुखाची असते आणि मे महिन्याचा ताप अजून दूर असतो. अशा वेळी जंगलात प्रवेश करू नये असा वन विभागाचा किंवा जिल्हा प्रशासनाचा आदेश निघाला, की मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर दोन तासांत दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो की सरकारला जंगल सांभाळता येत नाही, म्हणून ते नागरिकांनाच दाराबाहेर ठेवते. दुसरा म्हणतो की आदेश आला आहे, आता प्रश्न विचारायचे कारण नाही.

एका लहानशा भटकंती मंडळाच्या सहली ठरवण्याचे काम बऱ्याच वर्षांपासून माझ्याकडे आहे, आणि या दोन्ही पक्षांची समजूत घालता घालता माझे एक मत पक्के झाले आहे. आदेश पहिल्या मिनिटापासून पाळावा, आणि त्यात काही चुकले आहे असे वाटत असेल तर ते त्याच आठवड्यात लेखी दाखवावे. ही दोन्ही कामे एकाच मंडळाने करायची आहेत. जो आदेश पाळतो त्याच्या हरकतीला कार्यालयात वजन येते, आणि जो जंगलात शिरून मग तक्रार करतो त्याची तक्रार त्याच्या गुन्ह्याखाली दबून जाते. हे दोन्ही प्रत्यक्षात कसे करावे, ते पुढे सांगतो.

आधी मूळ आदेश मिळवा

काही वर्षांपूर्वी मार्चमध्ये आमच्या गटावर एका आदेशाचे छायाचित्र आले. त्यावर शिक्का होता, सही होती. फक्त वरची तारखेची ओळ कापली गेली होती. आम्ही चाळीस जणांची सहल रद्द केली, बसवाल्याला दिलेली आगाऊ रक्कम बुडाली, आणि संध्याकाळपर्यंत वन कर्मचाऱ्यांविषयी गटावर जे बोलले गेले ते येथे लिहिण्यासारखे नाही. दुसऱ्या दिवशी कळले की तो आदेश आदल्या वर्षीचा होता आणि त्या वर्षी तशी कोणतीही बंदी नव्हती. ज्यांनी काहीच केले नव्हते त्यांना आम्ही दोष दिला होता, याचे मला अजूनही वाईट वाटते.

म्हणून पहिली पायरी अशी की सदस्यांपैकी एकाने जबाबदारी घेऊन मूळ आदेशाची पूर्ण प्रत मिळवावी. नवरत्न बागेतील वन कार्यालय, संबंधित रेंजचे म्हणजे वन परिक्षेत्राचे कार्यालय, किंवा आदेश जिल्हा दंडाधिकाऱ्यांचा असेल तर जिल्हाधिकारी कार्यालय, यांपैकी जेथून तो निघाला तेथूनच तो घ्यावा. ज्या बीटमध्ये जायचे आहे तेथील वनरक्षकाशी, म्हणजे आपल्याकडे ज्याला सगळे नाकेदार म्हणतात त्याच्याशी, फोनवर बोलून घ्यावे. जमिनीवर काय चालले आहे ते त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नसते, आणि आदराने विचारले तर तो सहसा नीट सांगतो. मात्र त्याचे तोंडी उत्तर म्हणजे परवानगी नव्हे, हे सदस्यांना समजावून सांगावे लागते.

प्रत हाती आली की ती शांतपणे वाचावी आणि वाचताना काही गोष्टी कागदावर उतरवून घ्याव्यात. आदेश कोणी काढला आणि कोणत्या कायद्याखाली काढला. तो संपूर्ण वनमंडलाला लागू आहे, की काही रेंज, काही बीट किंवा ठरावीक कक्ष क्रमांकांनाच, म्हणजे जंगलाच्या क्रमांक दिलेल्या लहान तुकड्यांनाच. तो कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत आहे. नेमके काय मना केले आहे, म्हणजे प्रवेशच बंद आहे, की विस्तव पेटवणे, रात्रीचा मुक्काम आणि गाड्या नेणे एवढेच. आणि सूट कोणाला आहे. माझा अनुभव असा आहे की गटावरचे निम्मे भांडण या नोंदी वाचून दाखवल्यावर मिटते, कारण बहुतेकांनी आदेशाऐवजी त्यावरची बातमी वाचलेली असते आणि बातमीच्या मथळ्यात कक्ष क्रमांक येत नाहीत.

कायद्याचे नाव पाहून पुढची वाट ठरवा

आदेशाच्या माथ्यावर ज्या कायद्याचे नाव असेल, त्यावर तुमच्या हातात काय आहे हे ठरते. भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ प्रमाणे राखीव वनात विनापरवाना शिरणे आणि वन अधिकाऱ्याने मोकळीक दिलेला हंगाम सोडून एरवी विस्तव पेटवणे, जळता ठेवणे किंवा बाळगणे हा मुळातच गुन्हा आहे. त्यासाठी बंदीचा वेगळा आदेश निघावा लागत नाही. ‘आम्ही तर वर्षानुवर्षे जातो’ असे जे आपण म्हणतो, तो आपला हक्क नसून आजवर मिळालेली सवलत असते. संरक्षित वनाची गोष्ट थोडी निराळी असते. तेथे काय निषिद्ध आहे ते नियमांत आणि अधिसूचनेत पाहावे लागते. अभयारण्यात वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ लागू होतो. आपल्या शहराला लागून असलेले रालामंडल हे १९८९ पासून अभयारण्य आहे. त्या कायद्याचे कलम २७ प्रवेशाचे नियमन करते, आणि कलम ३० अभयारण्याला धोका होईल अशा रीतीने विस्तव पेटवण्यास किंवा जळता सोडून जाण्यास मनाई करते.

तिसरी शक्यता जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाची. पावसाळ्यात धबधब्यांजवळ जाण्यावर जी बंदी येते ती इंदूरकरांच्या ओळखीची आहे. पूर्वी असे आदेश कलम १४४ खाली निघत, आणि १ जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतात. असा आदेश दोन महिन्यांपेक्षा अधिक काळ टिकत नाही, आणि तो पुढे वाढवायचा असल्यास राज्य सरकारला वेगळा निर्णय घ्यावा लागतो. हरकत घेणाऱ्यासाठी याच कलमात एक फार उपयोगी तरतूद आहे. आदेशामुळे बाधित झालेली कोणतीही व्यक्ती तो रद्द करावा किंवा बदलावा असा अर्ज करू शकते, अर्जदाराला लवकर म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते, आणि अर्ज फेटाळला तर त्याची कारणे लेखी नोंदवावी लागतात. ज्यांना आदेश मोडूनच निषेध करायचा असतो त्यांना मी नेहमी हे कलम दाखवतो. रीतसर जारी झालेला आदेश मोडला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा २,५०० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. त्या कृत्यामुळे माणसांच्या जिवाला धोका उत्पन्न झाला, तर हीच मर्यादा एक वर्ष आणि ५,००० रुपये होते.

‘आम्ही काडेपेटीसुद्धा नेत नाही’ या म्हणण्याचे काय करावे

हा आक्षेप प्रत्येक वेळी येतो आणि तो मांडणारे लोक प्रामाणिक असतात, म्हणून त्याला प्रामाणिक उत्तर द्यावे. चालण्याने आग लागत नाही हे खरे आहे. परंतु आपल्याकडची जंगल सहल म्हणजे नुसते चालणे नसते, हे आधी आपल्याशी मान्य करावे. माळव्यात राहून आपणही माळव्याचेच झालो आहोत. सहल म्हटली की दाल-बाफले आले, बाफले म्हणजे निखाऱ्यावर भाजलेले कणकेचे गोळे म्हटले की गोवऱ्यांचा जगरा, म्हणजे पेटवलेल्या गोवऱ्यांचा ढीग आला, आणि तो जगरा ओढ्याकाठी सागाच्या पानांच्या मधोमध रचला जातो. गोवरीचा निखारा राखेखाली कित्येक तास जिवंत राहतो. वरून लोटाभर पाणी ओतले म्हणजे तो विझला असे आपण समजतो, आणि दुपारी वारा सुटला की राख उडते व तोच निखारा पानांत जातो. मी स्वतः असा विझवलेला जगरा दोन तासांनी काठीने उकरून पाहिला आहे. आत लालभडक होता. त्यानंतर आमच्या मंडळाने जंगलात रांधणे कायमचे बंद केले, आणि आता बाफले घरून करून नेतो.

दुसरे कारण माणसांच्या जिवाचे आहे. आग उतारावर वर चढताना फार वेगाने जाते, कारण ज्वाळांची धग वरचे गवत आधीच तापवून ठेवते आणि दिवसा दरीतला वाराही वरच्याच दिशेने वाहतो. ११ मार्च २०१८ रोजी तमिळनाडूच्या थेनी जिल्ह्यात कुरंगणी येथे डोंगर उतरणारे गिर्यारोहक अशाच आगीत सापडले आणि वीसहून अधिक जण मृत्यू पावले. ते सगळे आपल्यासारखेच सुट्टीसाठी गेलेले लोक होते. आग लागलेल्या डोंगरात नेमके किती लोक आहेत आणि कोठे आहेत, हे कळले नाही तर आग विझवायला निघालेल्या माणसांना आधी लोक शोधावे लागतात. वन कर्मचाऱ्यांसाठीही हे काम किती जिवावरचे असते, ते उत्तराखंडातील बिनसरमध्ये दिसले. १३ जून २०२४ रोजी तेथे वणव्यात वन विभागाच्या चार कर्मचाऱ्यांचा मृत्यू झाला. आपल्या घाटातला नाकेदार आणि हंगामापुरते मजुरीवर घेतलेले अग्निरक्षक हिरव्या फांद्यांनी आग झोडपून विझवतात, हे ज्याने एकदा पाहिले तो ‘कर्मचारी काय करतात’ असे पुन्हा विचारत नाही.

तिसरे कारण अगदी साधे आहे. जंगलात कोणीच नसायला हवे असे ठरले, की टेकडीवरून दिसणारा प्रत्येक धूर ही आग मानता येते. सहली चालू असतील तर तो धूर बाफल्यांचा की वणव्याचा हे पाहायला नाकेदाराला दोन-तीन किलोमीटर चालत जावे लागते, आणि तेवढ्यात खरी आग दुसऱ्या कड्यावर पसरते.

ही तीन कारणे सांगूनही ज्याचे समाधान होत नाही, त्याला गप्प करू नये. त्याची हरकत लिहून घ्यावी, कारण पुढे निवेदनात तिचाच उपयोग होतो.

जनमताचा अभ्यास दुसऱ्यांच्या अनुभवातून करावा

असे आदेश निघाल्यावर लोक कसे वागतात, याचे सगळ्यात ठसठशीत उदाहरण कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतातले आहे. तेथे ५ ऑगस्ट २०२५ रोजी जंगलातून चालणे, तंबू ठोकणे, मासेमारी करणे, गाड्या नेणे या सगळ्यांवर बंदी आली आणि दंड २५,००० कॅनडी डॉलर ठेवला गेला. आपल्या हिशेबाने ते १५ लाख रुपयांहून अधिक होतात. जमीनमालक स्वतःच्या रानात जाऊ शकत होता, पण पाहुण्यांना नेऊ शकत नव्हता; उद्योगांना मात्र परवाना घेऊन काम करता येत होते. बऱ्याच लोकांनी ही बंदी मनापासून स्वीकारली, कारण २०२३ च्या मे महिन्याअखेर हॅलिफॅक्स शहराजवळच्या टँटॅलन भागात लागलेली आग त्यांनी पाहिली होती. त्या आगीत सुमारे १५० घरे जळाली होती आणि १६,००० लोकांना घरे सोडावी लागली होती. दुसऱ्या बाजूने नागरी स्वातंत्र्यासाठी काम करणाऱ्या संस्थांनी विचारले की पायी चालण्याने कोणती आग लागते, आणि लाकूडतोडीला परवाना मिळतो तर फिरणाऱ्याला का नाही. एका माजी सैनिकाने तर सर्वांना सांगून जंगलात पाऊल टाकले, दंड ओढवून घेतला आणि प्रकरण न्यायालयात नेले.

या दोन्ही बाजू मी अनेकदा ताडून पाहिल्या आहेत. बंदीला पाठिंबा देणाऱ्यांचे दुःख खरे होते, आणि विरोध करणाऱ्यांचा एक प्रश्नही खरा होता: मनाई धोक्याच्या मापात आहे का? कोरडेपणा, वारा आणि स्थान न पाहता सगळ्या प्रदेशाला एकच कुलूप लावले, तर लोकांना ती शिक्षा वाटू लागते. यावर तोडगा काढलेले प्रदेशही आहेत. दक्षिण फ्रान्समध्ये मार्सेयच्या आसपासच्या डोंगरांसाठी १ जून ते ३० सप्टेंबर या काळात दररोज संध्याकाळी दुसऱ्या दिवसाचा रंगीत नकाशा जाहीर होतो, आणि ज्या डोंगरावर लाल रंग असेल तोच त्या दिवशी बंद राहतो. कॅलिफोर्नियात २०२१ साली ३१ ऑगस्टपासून १७ सप्टेंबरपर्यंत राज्यातील राष्ट्रीय वने बंद केली होती, पण परिस्थिती निवळल्यावर बहुतेक ठिकाणी ती मुदतीच्या दोन दिवस आधीच उघडली. आदेशाला शेवटची तारीख असणे, मधे फेरविचार होणे आणि जागेनुसार फरक करणे, या तीन मागण्या आपल्याकडेही रास्त ठरतात. ‘बंदी उठवा’ एवढेच लिहिलेल्या कागदापेक्षा या तीन मागण्यांचा कागद अधिकाऱ्याला उत्तर द्यायला भाग पाडतो.

ज्यांचे पोट जंगलावर आहे त्यांचे म्हणणे आधी ऐकावे

या भागाकडे आपली शहरी मंडळे सर्वांत कमी लक्ष देतात, आणि मला याच भागाविषयी सर्वांत जास्त बोलावेसे वाटते. अग्निकाल हाच महुआचाही काळ आहे आणि पुढे तेंदूपत्त्याचाही. मोहाची फुले मार्च-एप्रिलमध्ये थोडेच आठवडे गळतात, तीही पहाटे, आणि उन्हे चढण्याआधी वेचावी लागतात. चोरलच्या बाजूच्या एका पाड्यावर मी एका वयस्क बाईंना विचारले होते की जंगल पंधरा दिवस बंद राहिले तर त्यांना काय होईल. त्यांनी मला उलट विचारले की तुमचा पगार पंधरा दिवस थांबला तर तुम्ही काय कराल, आणि फुले काही आमच्यासाठी झाडावर थांबून राहत नाहीत. आमची सहल पुढच्या रविवारी जाऊ शकते. त्यांचा हंगाम पुढच्या वर्षीच येतो.

हेही खरे आहे की मोहाच्या झाडाखालचा पाचोळा जाळून जमीन साफ करण्याच्या चालीतून आणि तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणून लावलेल्या विस्तवातून मध्य भारतातल्या कित्येक आगी सुरू होतात. त्यावर झाडाखाली जाळी बांधणे किंवा पाचोळा झाडून बाजूला करणे हे उपाय आहेत, आणि ते गावकऱ्यांशी बोलूनच रुजतात. वनहक्क अधिनियम २००६ ने वननिवासी समाजांना गौण वनोपज गोळा करण्याचा हक्क दिला आहे आणि ग्रामसभेला जंगल राखण्याचे अधिकार दिले आहेत. म्हणून आदेशात त्यांच्यासाठी स्पष्ट सूट आहे का, हे सगळ्यांत आधी तपासावे. नसेल तर निवेदनातील पहिली मागणी तीच असावी, आपल्या सहलीची नव्हे.

येथे वन अधिनियमाच्या कलम २६ मधले एक उपकलम प्रत्येक सहल आयोजकाने वाचले पाहिजे. राखीव वनात जाणूनबुजून किंवा घोर निष्काळजीपणाने आग लागली, तर राज्य सरकार त्या वनातील चराईचे आणि वनोपजाचे सर्व हक्क हवा तितका काळ स्थगित करू शकते. याचा अर्थ असा की आपल्या गोवऱ्यांच्या जगऱ्यातून आग लागली, तर आपण दंड भरून राजवाड्यावर पोहे खायला मोकळे होऊ, आणि त्या पाड्यावरच्या बाईंच्या शेळ्या व मोहाची टोपली मात्र बंद पडेल. बंदीला विरोध करायला निघालेल्या तरुण सदस्यांसमोर मी हे वाचून दाखवतो, तेव्हा खोलीतला आवाज उतरतो.

निवेदन कसे लिहावे आणि कोठे द्यावे

आपल्या राज्यातील कामकाज हिंदीत चालते, म्हणून निवेदन मराठीत विचार करून लिहिले तरी हिंदीत उतरवून द्यावे. ते एका पानात बसवावे. पंधरा जणांच्या सह्या असाव्यात, पण प्रत्येक सहीसमोर वस्ती आणि तारीख असावी. भाषा अशी असावी की वाचणाऱ्या अधिकाऱ्याला आपल्याविरुद्ध कोणी उभे आहे असे वाटू नये. आमच्या मंडळाचा मसुदा साधारण असा असतो:

‘माननीय महोदय, आपल्या अमुक तारखेच्या आदेशाप्रमाणे आमच्या मंडळाने चोरल रेंजमधील आपले सर्व कार्यक्रम स्थगित केले असून सदस्यांना तसे लेखी कळवले आहे. आदेशाच्या उद्देशाशी आम्ही सहमत आहोत. तथापि, पुढील बाबींचा विचार व्हावा अशी विनंती आहे. आदेशात मोहाची फुले व तेंदूपत्ता गोळा करणाऱ्या स्थानिक रहिवाशांना स्पष्ट सूट नमूद करावी. बंदी लागू असलेल्या कक्षांची यादी व नकाशा परिक्षेत्र कार्यालयाच्या फलकावर लावावा. दर पंधरा दिवसांनी आदेशाचा फेरविचार करून निर्णय जाहीर करावा. आमचे सदस्य वनरस्त्यांच्या तोंडाशी उभे राहून येणाऱ्यांना आदेशाची माहिती देण्यास तयार आहेत. त्याबाबत आपण सांगाल त्या अधिकाऱ्यांशी आम्ही संपर्क साधू.’

शेवटचे वाक्य शोभेसाठी लिहू नये. लिहिले तर रविवारी खरोखर उभे राहावे. आम्ही दोन वर्षे हे काम केले आहे. चाळीस अंशांच्या उन्हात नाक्यावर उभे राहून परतणाऱ्या गाड्यांना हात जोडणे सोपे नसते, आणि लोक कधी कधी कठोर बोलतात. अशा वेळी वाद न घालता आदेशाची छापील प्रत हातात द्यावी आणि जवळचे पर्याय सांगावेत.

निवेदन आवक-जावक शाखेत देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्यावी. ही प्रत नसेल तर पुढचे काहीच करता येत नाही. उत्तर आले नाही, तर जिल्हाधिकारी कार्यालयात मंगळवारी होणाऱ्या जनसुनवाईत जावे किंवा १८१ या मुख्यमंत्री हेल्पलाइनवर नोंद करावी. माहितीच्या अधिकाराचा अर्जही करता येतो; त्याला १० रुपये शुल्क लागते आणि उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत असते. पण चार महिन्यांच्या हंगामात त्या उत्तराने बंदी बदलत नाही, म्हणून तो अर्ज पुढच्या वर्षाच्या तयारीसाठी समजावा. त्यात मागील अग्निकालात कोणत्या कक्षांत किती आगी नोंदल्या गेल्या, जाळरेषा, म्हणजे आग पसरू नये म्हणून मोकळ्या ठेवायच्या पट्ट्या, कोठे आणि कधी साफ केल्या, आणि आदेशाआधी ग्रामसभांशी चर्चा झाली का, एवढेच विचारावे. देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडून उपग्रहांवर आधारित आगीच्या सूचना मिळतात आणि त्यांसाठी सामान्य नागरिकालाही नाव नोंदवता येते. आपल्या पट्ट्यातील सूचना आठवडाभर पाहिल्या, तर बंदी योग्य वेळी आली की नाही यावर अंदाजाने बोलावे लागत नाही.

गट सांभाळणे

आदेश खरा आहे हे ठरल्यावर गटावर एकच संदेश जावा आणि तो एकाच व्यक्तीने पाठवावा: आदेशाची तारीख, क्षेत्र, मुदत, सहलीचे काय ठरले, पैसे कधी परत मिळतील. मतांची चर्चा वेगळी ठेवून तिच्यासाठी प्रत्यक्ष बैठक घ्यावी. ज्येष्ठ सदस्यांपैकी कोणी काका किंवा मावशी ती चालवत असतील तर तरुणांचा राग लवकर निवळतो. सहल रद्द न करता बदलता आली तर उत्तम; मांडूच्या वास्तू किंवा महेश्वरचा घाट यांना जंगलात शिरावे लागत नाही. बंदी मोडून काढलेली छायाचित्रे गटावर टाकणाऱ्याला मात्र स्पष्ट सांगावे की मंडळ त्याच्या मागे उभे राहणार नाही.

बंद नसलेल्या रस्त्यावरून जाताना धूर दिसला, तर उतारावर वरच्या बाजूला थांबू नये. वाऱ्याच्या आडव्या दिशेने, मोकळ्या किंवा आधीच जळून गेलेल्या जमिनीकडे सरकावे, आणि ११२ वर व नाकेदाराला जागा, वेळ आणि वाऱ्याची दिशा सांगावी. स्वतः आग झोडपायला उतरू नये.

पावसाळा संपल्यावर, नोव्हेंबरच्या सुमारास, शिक्के असलेल्या प्रती, माहितीच्या अधिकारातील उत्तरे आणि रविवारच्या नाक्यांवरील नोंदी एका फाइलमध्ये लावाव्यात. जानेवारीच्या शेवटच्या मंगळवारी, म्हणजे १५ फेब्रुवारीला अजून दोन-तीन आठवडे असताना, ती फाइल घेऊन रेंजरसाहेबांची भेट मागावी आणि या वर्षी आदेश काढावा लागला तर त्यात गावकऱ्यांची सूट आणि कक्षांची यादी सुरुवातीपासूनच असावी, अशी विनंती करावी. त्या भेटीला पाड्यावरच्या कोणाला तरी सोबत न्यावे आणि आधी त्यांना बोलू द्यावे.